मसाल्याच्या डब्याला चार हेडफोन

बिलोलीच्या एका मुलीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, लातूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर. अन्याय मी केला.

मी औशाची. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. आम्हाला शिकवलंय की अन्याय कुणावर झाला, कधी झाला आणि कुणी केला, हे पहिल्या चार ओळींत सांगून टाकायचं, कारण पाचवी ओळ कुणी वाचत नाही. तेवढं सांगून झालं. मुलीचं नाव लिहीत नाही, ते मी एकदा गावभर ओरडून बसलेली आहे. हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. नावाच्या जागी काय लिहू विचारलं, तर म्हणाली, ‘बिलोलीची’ लिही, चाचा तेच म्हणायचे.

आणि लिहायचंय ते खरं म्हणजे चाचांबद्दलच.

चाचांचं घर गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात होतं. खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी वाकळी टांगलेल्या. खिडकीलाही वाकळच. पहिल्यांदा जिना चढून आत गेले तेव्हा मला वाटलं, ह्या घरात कुणीतरी आजारी आहे. मधे टेबल, त्यावर कॉम्प्युटर, माइक, माइकची वायर जिच्यात जाते ती छोटी लाल पेटी, आणि शेजारी स्टीलचा मसाल्याचा डबा. हळद-तिखटाचा, गोल, आपल्या सगळ्यांच्या ओट्यावर असतो तोच. डब्याच्या कडेला चार भोकं, चारी भोकांत हेडफोनच्या पिना, आणि झाकणावर चार गोल बटणं.

लाल पेटीला हेडफोनचं भोक एकच असतं. म्हणजे एकानं ऐकायचं, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. चाचांना हे मान्य नव्हतं. दोघांत एक इअरफोन वाटून घेणं, एक कान तुझा एक माझा, हे तर त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं. कुणालाच पुरतं ऐकू येत नाही आणि दोघांनाही वाटतं आपण ऐकलं, असं म्हणायचे. म्हणून त्यांनी त्या एका भोकातून वायर काढून मसाल्याच्या डब्यात नेली आणि तिथून चौघांना वाटली. ज्याच्या त्याच्या हेडफोनला ज्याचं त्याचं आवाजाचं बटण. चार वायरींना पिनेजवळ दोऱ्याच्या गाठी मारलेल्या: एक गाठ, दोन गाठी, तीन, चार. कारण ऐकायला येणाऱ्या बहुतेकांना दिसत नव्हतं, आणि आपला हेडफोन कुठला हे कुणाला विचारावं लागू नये, असं चाचांचं म्हणणं.

खोलीत काम चालायचं ते पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं. लातूर म्हणजे अभ्यासाचं गाव. बोळाबोळांत क्लास, घराघरांत भाड्यानं राहणारी पोरं. त्यांत न दिसणारीही पोरं असतात, त्यांनाही त्याच परीक्षा द्यायच्या असतात, आणि त्यांची पुस्तकं मोठ्यानं वाचून द्यायला कुणाला वेळ नसतो. चाचांना वेळ होता. वाचता मात्र येत नव्हतं फारसं. शाळा उर्दू, तीही पाचवीपर्यंत. म्हणून त्यांना वाचणारी माणसं लागायची, आणि मी तशी वाचणारी म्हणून गेले होते. खरं सांगायचं तर समाजकार्याच्या यादीत एक ओळ वाढेल म्हणून गेले होते.

पहिल्याच दिवशी माझी जिरली. मी खुर्चीत बसले, चाचांनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. मी लगेच पिन खुपसायला गेले तर हात धरला.

“आधी शून्य,” ते म्हणाले. “बटण शून्यावर आण. मंग पिन. मंग हळूहळू वाढव. कुणाच्या कानात धाडकन शिरायचं न्हाई.”

शून्य केलं, पिन घातली, हळूहळू वाढवलं. पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले, आणि दुसऱ्या वाक्याला माझी जीभ अडखळली. मी सभा गाजवणारी मुलगी. ‘संविधान’ शब्द मला बोलता येईना. माझाच आवाज माझ्या कानात अर्ध्या क्षणानं उशिरा येत होता, मी एक बोलतेय आणि कुणीतरी मागून माझी नक्कल करतंय असं. पाच ओळींत घाम फुटला. चाचा शांत बसून बघत होते. मग त्यांनी लाल पेटीवरचा एक खटका दाबला आणि आवाज ताबडतोब जागेवर आला.

आवाज कॉम्प्युटरमधून फिरून आला की उशीर होतो, पेटीतूनच सरळ कानात दिला की होत नाही, एवढीच भानगड. खटका सुरुवातीलाच दाबता आला असता. का नाही दाबला, असं मी जरा रागानंच विचारलं.

“प्रत्येकाला एकदा तसंच ऐकवतो,” चाचा म्हणाले. “स्वतःचं बोलणं उशिरा ऐकलं की माणूस थांबतो. नुसतं तोंड चालवणारे लई पाहिले म्या.”

पाहिले असणारच. ह्या माणसानं चाळीस वर्षं माइकसेट भाड्यानं दिला होता. लग्नं, उरूस, जयंत्या, प्रचारसभा, सव्वीस जानेवारी. लातुरात चार भोंगे बांधून ज्याला कुणाला बोलायचं असेल त्याला बोलायला दिलं. आणि आता हा माणूस इतक्या हळू बोलायचा की समोरच्याला वाकावं लागायचं. भाजीबाजारात जाताना गळ्यात हेडफोन घालून जायचे, पिन शर्टाच्या खिशात खोचलेली, कशालाच न जोडलेली. भाजीवाल्यांना वाटायचं चाचा फोनवर बोलून राहिले. कायकू घालता, असं विचारलं तर म्हणायचे, हे दिसलं की लोक उगाच बडबड करत न्हाईत.

त्यांचे काही नियम होते आणि ते सगळ्यांना सारखे होते. खोलीत पंखा बंद. लातूरच्या मे महिन्यातसुद्धा बंद, कारण माइकला पंखा ऐकू येतो. मी डोक्यावर ओला टॉवेल टाकून अर्थशास्त्राचे सात धडे वाचलेत. शेजारच्या वहिनींच्या कुकरचं वेळापत्रक भिंतीवर खडूनं लिहिलेलं: सोमवारी वरण साडेअकराला, शुक्रवारी चणे, तेव्हा जास्त शिट्ट्या. हेडफोनच्या गाद्यांना जुन्या शेरवानीच्या मखमलीची खोळ, आणि ती दर जुम्याला धुतलेली. एका प्राध्यापकांनी सांगितलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, तर चाचा म्हणाले, त्यानं आवाज जात न्हाई, पाली येतात.

पण सगळ्यांत मोठा नियम दुसऱ्या हेडफोनचा. वाचणारा एक हेडफोन घालणार, चाचा एक घालणार, आणि दोन गाठींचा हेडफोन, ज्याच्यासाठी पुस्तक वाचलं जातंय त्याच्या डोक्यावर. तो माणूस वाचन चालू असताना समोर बसणार. त्याच्या हातात चमचा, पुढं स्टीलचा पेला. समजलं नाही, वेग वाढला, श्वास खुपला, की टण्ण. वाचणाऱ्यानं थांबायचं, मागचं वाक्य पुन्हा घ्यायचं. तो टण्ण रेकॉर्डही व्हायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची जी रेघ उमटते तिच्यात तेवढाच एक टोकदार सुळका दिसायचा, आणि चाचा नंतर त्या खुणेवर जाऊन चुकलेलं वाक्य कापायचे. आणि जे वाचलं गेलं ते पूर्ण ऐकून, ऐकणाऱ्यानं ‘जाऊ द्या’ म्हटल्याशिवाय खोलीच्या बाहेर जायचं नाही.

माझ्या वाचनाच्या वेळी दोन गाठींचा हेडफोन बिलोलीचीच्या डोक्यावर असायचा. बी.ए. झालेली, सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी. वडील बिलोलीत शिवणकाम करतात. ती स्वतःच्या ओढणीची शिलाई बोटांनी तपासून कारागिराला नावं ठेवणाऱ्यांतली. पहिल्या दिवशी तिनं एका पानात चौदा वेळा चमचा वाजवला. मी इतिहास वाचत होते आणि जिथं राग यायला पाहिजे तिथं राग आणत होते.

“तुला राग आलाय तो मला नको,” ती म्हणाली. “सन सांग, तह कुणाकुणात झाला ते सांग. राग मी माझा आणीन.”

चाचा हेडफोनच्या आत हसत होते. त्या दिवसापासून मी ‘पर्चेवाली’ झाले, म्हणजे पत्रकवाली. ‘पर्चेवाली, पर्चा नको वाचू, पुस्तक वाच.’

हळूहळू शिकले. तिच्याशी मैत्रीही झाली. तिच्या प्रश्नाची लढाई मला तिथंच कळली, आणि तिथंच माझ्या पत्रकाच्या हाताला खाज सुटली.

लढाई अशी होती. जिला दिसत नाही ती परीक्षेत स्वतः लिहीत नाही, तिच्यासाठी लेखनिक बसतो. पोरं त्याला रायटर म्हणतात. तो प्रश्न वाचतो, ती उत्तर सांगते, तो खूण करतो. आदल्या परीक्षेला तिला केंद्रानं दिलेला रायटर मिळाला होता. माणूस वाईट नव्हता, पण आकडेवारीचा तक्ता त्यानं वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला, पुन्हा वाचा म्हटल्यावर घड्याळ दाखवलं. सगळे तक्ते तसेच गेले. परीक्षाही गेली. ह्या खेपेला तिला स्वतःची रायटर हवी होती, तिच्या होस्टेलवरची मैत्रीण, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, दोन वर्षं तिच्यासोबत सराव केलेली. त्यासाठी त्या सरकारी कार्यालयातल्या साहेबांची मंजुरी लागत होती. अर्ज दिलेला. कागद अपुरे, तारीख चुकीची, डॉक्टरांचा शिक्का पुसट, असं करत ती सहा वेळा त्या कार्यालयाचा जिना चढली होती. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मंजुरी मिळाली तर ती परीक्षा देणार, नाही मिळाली तर फॉर्म भरून घरी बसल्यासारखंच.

हे ऐकून मी पेटले. तिला विचारलं, आवाज उठवू का? ती म्हणाली, थांब, काम होत आलंय. मी थांबले नाही. ‘थांब’ हा शब्द गरिबांना गप्प बसवायला वापरतात, असं मी स्वतःच एका पत्रकात लिहिलेलं होतं.

ऑटोवर भोंगा बांधून फिरवायची घोषणा तयार करायची तर मी चाचांच्या खोलीत जायला पाहिजे होतं. गेले नाही. का गेले नाही ते मला तेव्हाही ठाऊक होतं: तिथं पहिला प्रश्न आला असता, बिलोलीचीनं ऐकलं का? मी दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथं सेलच्या आणि वाढदिवसांच्या घोषणा पाच मिनिटांत करून देतात, मागं सनईचं किंवा ढोलाचं संगीत घालून. हेडफोन कुणी घातला नाही, मीसुद्धा नाही. एका दमात बोलले, पोरानं मागं करुण बासरी टाकली, आणि गुरुवारी सकाळी ऑटो निघाला. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले, हातात पत्रकं.

त्याच वेळी बिलोलीची सातव्यांदा त्या पहिल्या मजल्यावर होती. हे मला माहीत नव्हतं. साहेबांनी तिला खुर्ची दिली होती, चहा सांगितला होता. कागद पूर्ण झाले होते. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज तिनं ऐकला. आणि खिडकीखालून माझा ऑटो गेला.

लातूरकरांनो, जागे व्हा. तिचं नाव. तिच्या बापाचं नाव. अंधारात चाचपडणारी गरीब, असहाय कन्या. निष्ठुर अधिकाऱ्यांच्या दारी ठोकरा खाते आहे. बासरी.

ऑटो चौकात वळेपर्यंत तिनं ऐकलं. मग पेनाचं टोपण लावल्याचा आवाज. साहेब म्हणाले, आता बाहेर बोंब झाली, मी सही केली तर दबावाखाली केली म्हणतील, प्रकरण वर पाठवतो. वर म्हणजे कुठं आणि किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा आला तो तिनं घेतला नाही.

मी दुपारी विजयी चेहऱ्यानं चाचांकडे गेले. ती तिथं बसलेली होती. चाचांनी माझ्याकडं घोषणेचा पेन ड्राइव्ह मागितला. माझी घोषणा कॉम्प्युटरवर चढवली, मला खुर्चीत बसवलं, बटण शून्यावर आणलं, हेडफोन दिला. दोन गाठींचा तिला दिला, चमचा तिच्या हातात ठेवला.

दीड मिनिटाची घोषणा होती. तिच्या नावावर टण्ण. बापाच्या नावावर टण्ण. ‘अंधारात’वर. ‘गरीब’वर. ‘असहाय’वर. ‘ठोकरा’वर. मला वाटलं ‘निष्ठुर’ तरी सुटेल, तर तिथं सगळ्यांत जोरात. शेवटी चमचा खाली ठेवून ती म्हणाली, “अंधार तुम्हाला दिसतो. मला तोसुद्धा माहीत न्हाई. आणि त्या माणसानं पेन उघडलं होतं.”

मी रडले. चाचांनी रडू दिलं. पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. मग त्यांच्या त्या हळू आवाजात त्यांनी एक गोष्ट सांगितली. कुठल्यातरी प्रचारसभेला त्यांनी एका गल्लीच्या तोंडाशी भोंगे बांधले होते. एक बाई आली, म्हणाली, घरात सासरा मरायला टेकलाय, काहीतरी सांगतोय, ह्या आवाजात आम्हाला ऐकू येईना.

“मी भोंग्याचं तोंड फिरवलं,” चाचा म्हणाले. “आवाज कमी केला न्हाई. तो म्हातारा काय बोलला ते कुणालाच कळलं न्हाई, बेटा. अजून न्हाई.”

मला त्या दिवशी एवढंच समजलं की हा माणूस मला माफ करत नाहीये, स्वतःच्या शेजारी बसायला जागा देतोय.

आता पुढं काय, हा प्रश्न होता, आणि मी लगेच मोर्चा सुचवला. ती पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग तिनं तिच्या रायटरला फोन करून बोलावलं आणि आम्हाला सांगितलं काय करायचं ते. चाचांनी फक्त माइक कुणाच्या तोंडापासून किती लांब ठेवायचा ते बघितलं.

सोमवारी आम्ही तिघं त्या कार्यालयात गेलो: ती, चाचा आणि मी. मला आणायचं की नाही ह्यावर त्या दोघांत थोडी चर्चा झाली होती. दारावरच्या शिपाईमामांनी चाचांना बघितलं आणि उभे राहिले. इतकी वर्षं झेंडावंदनाचा माइक ह्यांचाच. चाचांच्या हातात पिशवी, पिशवीत जुना लॅपटॉप, लाल पेटी, मसाल्याचा डबा. साहेबांना वाटलं कुणीतरी डबा घेऊन आलंय.

मला बघून साहेबांच्या कपाळावर आठी आली. मी माफी मागितली. बिलोलीचीनं ठरवून दिलेल्या दोन वाक्यांत मागितली, तिसरं वाक्य जोडलं नाही. मग ती म्हणाली, सर, चार मिनिटं एक प्रश्न सोडवाल का? चाचांनी साहेबांच्या डोक्यावर शेरवानीच्या मखमलीचा हेडफोन ठेवला. बटण शून्यावरून हळूहळू वर नेलं. साहेबांनी मानेनं ‘बस’ म्हटल्यावर थांबले.

“डोळे मिटा साहेब,” चाचा म्हणाले. “आन हातात पेन नको.”

पहिलं रेकॉर्डिंग माझ्या आवाजात होतं. एक तक्ता. पाच तालुके, चार वर्षं, तुरीचं उत्पादन. मी तो छापलाय तसा वाचला होता, औसा इतके, इतके, इतके, इतके, निलंगा इतके, इतके, असे वीसच्या वीस आकडे, आणि मग शेवटी प्रश्न: चौथ्या वर्षी औसा आणि निलंगा यांच्या उत्पादनातला फरक किती? साहेबांचे ओठ आठव्या आकड्यापर्यंत हलत होते. मग थांबले. प्रश्न आल्यावर त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, पुन्हा वाचा.

“मागच्या वर्षी मीपण हेच म्हणाले होते, सर,” ती म्हणाली.

चाचांनी दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तोच तक्ता, आवाज तिच्या रायटरचा आणि तिचा. आधी प्रश्न. मग रायटर म्हणते, पाच तालुके, चार वर्षं, काय पाहिजे? हिचा आवाज: औसा, चौथं. रायटर आकडा सांगते. निलंगा, चौथं. आकडा सांगते. संपलं. साहेबांनी उत्तर मोठ्यानं सांगितलं आणि डोळे उघडले. उत्तर बरोबर आल्यावर शाळेतल्या पोराचा होतो तसा चेहरा झाला होता त्यांचा, पण लगेच तो त्यांनी आवरला.

“हे अर्जात लिहायला पाहिजे होतं तुम्ही,” ते म्हणाले.

“लिहिलंय सर. चौथ्या ओळीत.”

त्यांनी फाइल मागवली. चौथी ओळ वाचली. वर पाठवायच्या कागदावर स्वतःच्या हातानं शिफारस लिहिली, आणि ती लिहिताना तिला मोठ्यानं वाचून दाखवली, तिनं न सांगता. परीक्षेच्या चार दिवस आधी मंजुरीचं पत्र आलं. तिनं स्वतःच्या रायटरसोबत पेपर दिला. तक्ते सगळे सोडवले.

चाचांच्या बाबतीतली एक गोष्ट मला नंतर कळली. उन्हाळ्यात त्यांची लेक नांदेडहून आली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कान दहा-बारा वर्षांपूर्वीच गेलेत, भोंग्यांनी. बारीक आवाज तर काहीच ऐकू येत नसणार. म्हणजे आम्ही त्या खोलीत बसून वाचत होतो, चाचा हेडफोन लावून गंभीर चेहऱ्यानं मान डोलावत होते, आणि आमचे ‘स’ आणि ‘श’ आणि श्वास त्यांना ऐकूच येत नव्हते. खरं ऐकण्याचं काम चमच्यावाली करत होती. मी बिलोलीचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ते विचारायचे, श्वास आला का गं? ज्याला ऐकू येतं तो असं विचारत न्हाई.

मी चाचांना छेडलं. म्हटलं, एवढा मोठा दुसऱ्या हेडफोनचा उसूल, आणि आतून हे होतं काय?

“उसूल कायका,” ते म्हणाले. “गरज होती. वापरून वापरून उसूल झाला.”

आता ते नांदेडला लेकीकडे असतात. बोळातलं घर भाड्यानं गेलंय, वरच्या खोलीत चार विद्यार्थी राहतात, पंखा जोरात फिरतो. वाकळी कुणी नेल्या माहीत नाही. लाल पेटी आणि मसाल्याचा डबा बिलोलीचीकडे आहे. गेल्या महिन्यात पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, ती पास झाली. फोनवर चाचांना काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो. लेकीनं पोहे केले. चाचा आमच्याकडे बघून हसत होते, पण मी काय ओरडतेय ते त्यांना कळत नव्हतं. मला ओरडायचीच सवय. बिलोलीचीनं मला गप्प केलं, पिशवीतून माइक, पेटी आणि डबा काढला, बोटांनी गाठी मोजल्या, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चाचपून बसवला आणि माइक स्वतःच्या तोंडाशी धरून आवाज थोडा थोडा वाढवत निकाल सांगितला.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “मागून घूं आवाज येतोय. अर्थिंग बघा ना कुणीतरी.”

ती हसली. मीही. मग त्यांनी विचारलं, मुख्य परीक्षेला रायटर तीच का? तिनं सांगितलं, न्हाई चाचा, ती यंदा बी.ए. झाली. नियम आहे, रायटर परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेली लागते. आता ती बसू शकत नाही. दुसरी मिळालेली नाही. होस्टेलवर विचारलं, क्लासमध्ये विचारलं. सगळ्यांचे स्वतःचे पेपर आहेत.

चाचांचा चेहरा बदलला. हेडफोन तसाच डोक्यावर ठेवून त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

“मंग शोधा की,” ते म्हणाले. “इथं कायकू बसल्या?”

म्हणून हे लिहिलंय, आणि म्हणून ते तुमच्यापर्यंत आलंय. मुख्य परीक्षा दीड महिन्यावर आहे. तुम्ही बारावी झालेल्या असाल, पदवी अजून हातात नसेल, मराठी आणि आकडे स्पष्ट वाचता येत असतील, तर तुम्ही पाहिजे आहात. पदवी झाली असेल तर तुमच्या बहिणीला, भाचीला, शेजारच्या पोरीला हा कागद वाचून दाखवा. रोज दुपारी दोन तास, लातुरात, तिच्यासोबत सरावाला बसायचं आहे. कौतुक करायचं नाही. कीव करायची नाही. ती विचारेल तो आकडा सांगायचा आणि ती सांगेल तिथं खूण करायची. हा अंक ज्या दुकानातून घेतलात तिथं वही ठेवलेली आहे. तुमचं नाव लिहा. उद्या नको, आज.